उतरवायचं होतं कुणाला?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित पाठ)



मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. विमानाच्या बाबतीत माझा अधिकार म्हणाल तर शून्य. पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. असं असताना विमान अपहरणाबद्दल बोलायला मी का बसलोय, ते आधी सांगतो. माझ्या हातून एक चूक झाली होती. ती चारचौघांत, माइकसमोर झाली होती. म्हणून दुरुस्तीही माइकसमोरच करावी, असं वाटलं.

२००६ साल. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमाला होती. मला कवितेवर बोलायला बोलावलं होतं. कवितेवर बोललोही. पण शेवटी गाडी रुळावरून घसरली आणि मी ११ सप्टेंबर २००१ कडे वळलो. म्हणालो, ‘‘चार महिने फ्लोरिडात छोटी छोटी विमानं उडवलेली पोरं एकदम बोईंग चालवतात? तीनशे तीस अंशांचं वळण घेऊन नेमकी पेंटागॉनच्या भिंतीत शिरतात? मित्रहो, रिक्षावाल्याच्या हाती रेल्वेचं इंजिन देऊन पाहा एकदा!’’ टाळ्या पडल्या. कवितेला पडल्या नव्हत्या तेवढ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. सत्तरीच्या आसपासचे, ताठ कण्याचे. हवाई दलातून निवृत्त झालेले, मालवाहू विमानं चालवलेले. अतिशय अदबीनं म्हणाले, ‘‘शायरसाहेब, एक विचारू? आपण विमानात बसलायत कधी?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग मला पाच मिनिटं द्या.’’

पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. विमान चालवण्यात खरी कसोटी उतरवण्याची असते. धावपट्टी दीडशे-दोनशे फूट रुंद. तिथं ठरावीक वेगानं, ठरावीक उतारानं, नाक ठरावीक वर ठेवून चाकं टेकवायची. वारा बाजूनं, पाऊस समोरून. हे जमेपर्यंत माणूस वैमानिक होत नाही. ‘‘आता मला सांगा,’’ ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी विमानं हवेत चढवली कुणी? ज्यांची होती त्या वैमानिकांनी. सरळ रेषेत उंचावर नेऊन ठेवली कुणी? त्यांनीच. पुढं राहिलं काय? वळवायचं, खाली आणायचं आणि आपटायचं. शायरसाहेब, उतरवायचं होतं कुणाला?’’

मी काही बोललो नाही. चहा गार झाला होता.

माझे अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. ते नेहमी म्हणायचे, गाडी पळवणारे खंडीभर मिळतात, गाडी लावणारा एखादाच. सरळ रस्त्यावर क्लीनरही स्टेअरिंग धरतो. घाटात समोरून ट्रक आल्यावर मागं घ्यायची वेळ येते तेव्हा कळतं. हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो आणि तरी भर सभेत रिक्षा नि इंजिनाचा दाखला देऊन मोकळा झालो. घरचं शहाणपण असं ऐन वेळी कामाला येत नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. एका गोष्टीचं फार आश्चर्य वाटलं. २००१ पर्यंत विमान पळवणाऱ्यांना विमान चालवता येण्याची बहुतेक वेळा गरजच पडत नव्हती. ते वैमानिकाच्या मानेवर पिस्तूल ठेवत. ‘गंगा’ नावाचं फोकर विमान ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालं होतं, ते लाहोरला नेलं. नेणाऱ्या दोघांकडे खेळण्यातलं पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब होता. डिसेंबर १९७८ मध्ये लखनौहून दिल्लीला येणारं विमान दोन पांडे मंडळींनी वाराणसीला नेलं, इंदिरा गांधींच्या सुटकेसाठी. पुन्हा खेळण्यातलं पिस्तूल, आणि बॉम्ब म्हणून क्रिकेटचा चेंडू. ते दोघं पुढं आमदार झाले, ही आपल्या देशाची खास गंमत.

वैमानिक नसेल तर अशा लोकांचं काय होतं, हे कराचीत दिसलं. ५ सप्टेंबर १९८६. पॅन ॲमचं विमान मुंबईहून निघालं होतं. कराची, फ्रँकफर्ट करत न्यूयॉर्कला जाणार होतं. कराचीच्या तळावर चार बंदूकधारी शिरले. विमानातल्या मुलींनी कॉकपिटला इशारा दिला आणि वैमानिक वरच्या झडपेतून दोरानं खाली उतरून निसटले. झालं! एवढं मोठं जंबो जेट, आत साडेतीनशेहून जास्त माणसं, चौघांच्या हातात बंदुका, आणि विमान जागचं हलेना. वैमानिक पळाले म्हणून तेव्हा लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली होती. पण विमान जमिनीवर राहिलं ते त्यामुळंच, हे पटायला मला बरीच वर्षं लागली. आत राहिली ती नीरजा भनोत आणि तिचे सहकारी. त्यांनी अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट आसनांखाली दडवले. सोळा-सतरा तासांनी वीज गेली, अंधार झाला आणि गोळीबार सुरू झाला. माणसं बाहेर काढता काढता नीरजा मारली गेली. मुंबईत वाढलेली मुलगी. तिचा तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्या एका विमानानं. तेही मुंबईहूनच निघालेलं होतं. इथिओपियन एअरलाइन्सची ९६१ क्रमांकाची फेरी. मुंबई, आदिस अबाबा, नैरोबी, पुढं ब्राझाव्हिल, लागोस, आबिजान. बोईंग ७६७. तारीख २३ नोव्हेंबर १९९६. आदिस अबाबाहून नैरोबीकडे निघाल्यावर तीन तरुण कॉकपिटमध्ये घुसले. आपण अकरा जण आहोत म्हणाले, होते तिघंच. हातात विमानातलीच कुऱ्हाड आणि आग विझवायचं नळकांडं. बॉम्ब आहे म्हणून एक झाकलेली वस्तू दाखवत होते. ती दारूची न उघडलेली बाटली निघाली.

मागणी काय? ऑस्ट्रेलियाला चला.

कॅप्टन होते लेउल अबाते. त्यांचं हे तिसरं अपहरण. आधीच्या दोन्ही वेळा ते सहीसलामत सुटले होते. त्यांनी सांगितलं, इंधन नैरोबीपुरतं आहे, वर थोडं राखीव. ऑस्ट्रेलिया मधल्या अख्ख्या महासागरापलीकडे. त्यावर म्होरक्यानं काय करावं? आसनाच्या खिशात प्रवाशांसाठी जे चकचकीत मासिक ठेवलेलं असतं ना, ते काढलं. त्यात छापलं होतं की हे विमान अकरा तास उडू शकतं. मग झालं तर! छापलंय म्हणजे खरंच. कॅप्टन खोटं बोलतोय.

मी लिहिणारा माणूस आहे. छापील अक्षरावर माझी भाकरी नसली तरी इभ्रत आहे. पण छापील ओळीनं माणसं अशी मारल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. टाकी भरलेली असेल तर अकरा तास, एवढी साधी गोष्ट त्या ओळीत लिहिलेली नव्हती. आणि ज्याला विमानाचं काहीच कळत नव्हतं, त्यानं ज्याला सगळं कळत होतं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

कॅप्टन अबाते चतुराईनं किनाऱ्याच्या कडेकडेनं विमान नेत राहिले, म्हणजे वेळ आली तर कुठंतरी टेकता येईल. त्यांना जमीन दिसली, त्यांनी डोळे वटारले, विमान समुद्राकडे वळवायला लावलं. एकानं कॉकपिटमध्ये बसून दारू पिणं चालवलं होतं, मधूनच तो यंत्रांशी चाळेही करत होता. कोमोरो बेटांजवळ इंधन संपलं. एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. कॅप्टनना मोरोनीचा विमानतळ गाठायचा होता. झटापटीत तोही हुकला. शेवटी ग्रँड कोमोर बेटाच्या एका हॉटेलसमोर, किनाऱ्यापासून काही अंतरावर त्यांनी विमान पाण्यात उतरवलं. इंजिनं बंद, मारानं अंग ठणकतंय, शेजारी कुणीतरी ओढाताण करतंय, अशा स्थितीत. डावा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले. किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या एका पर्यटकानं ते चित्रित केलं. ती दृश्यं तुमच्यापैकी पुष्कळांनी टीव्हीवर पाहिली असतील.

एकशे पंचाहत्तर माणसं होती. पन्नास वाचली. कॅप्टनही वाचले, आणि नंतर पुन्हा विमान चालवू लागले. मेलेल्यांपैकी कित्येक जण आपटल्यानं नव्हे तर बुडून मेले. त्यांनी भीतीपोटी आतच जीवरक्षक जाकिटं फुगवली होती. पाणी आत आलं तशी ती जाकिटं त्यांना छताकडे घेऊन गेली आणि दारातून बाहेर पडता येईना.

त्या विमानात मोहम्मद अमीन होते. नैरोबीत जन्मलेले, पंजाबी मुसलमान घराण्यातले कॅमेरामन. १९८४ चा इथिओपियाचा दुष्काळ जगाला दिसला तो त्यांच्या कॅमेऱ्यातून. १९९१ मध्ये आदिस अबाबात दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांचा एक हात गेला होता. तरी काम सुरूच. वाचलेल्यांनी सांगितलं ते असं, की शेवटपर्यंत ते उभे राहून अपहरणकर्त्यांशी बोलत होते, त्यांना समजावत होते. विमान पाण्याला लागलं तेव्हा ते बसलेले नव्हते. ‘आपल्या नावाचा माणूस’ असं जे आपण म्हणतो, त्यात मला मोहम्मद अमीन आधी आठवायला हवे होते. २००६ मध्ये मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

तर हे झाले काही येत नसलेले. थोडंसं येणारे त्याहून वाईट. आपल्याकडे म्हणतात ना, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला, त्यातले. २३ जुलै १९९९ रोजी जपानमध्ये टोकियोहून सापोरोला निघालेलं जंबो जेट एका तरुणानं सुरी दाखवून ताब्यात घेतलं. त्यानं संगणकावर विमान चालवण्याचे खेळ खूप खेळले होते. सहवैमानिकाला बाहेर काढलं, कॅप्टनला बाजूला व्हायला सांगितलं आणि ते तयार होईनात तेव्हा त्यांना भोसकून ठार केलं. त्याला टोकियोच्या रेनबो ब्रिजखालून विमान न्यायचं होतं! पाचशेहून जास्त माणसं आत. विमान एक हजार फुटांच्याही खाली आलं. मग सहवैमानिक आणि प्रवासी म्हणून बसलेला एक वैमानिक दार फोडून आत शिरले, त्याला दाबून धरलं आणि विमान उतरवलं. विमानतळाच्या सुरक्षेत कुठं भोक आहे, हे त्यानं आधी पत्र लिहून कळवलं होतं म्हणे. कुणी लक्ष दिलं नाही.

आणि खरोखर येणारेही होऊन गेले. अमेरिकेत १९९४ च्या एप्रिलमध्ये फेडेक्सच्या मालवाहू विमानात त्याच कंपनीचा एक कर्मचारी हातोडे घेऊन चढला. त्याला विमानातलं सगळं कळत होतं. तिघा वैमानिकांची डोकी त्यानं फोडली. रक्तबंबाळ सहवैमानिकानं डीसी-१० सारखं धूड जवळजवळ उलटं केलं, हल्लेखोराला पाय टेकवू दिले नाहीत, आणि तिघांनी मिळून विमान परत आणलं.

आता माझ्या चुकीकडे येतो.

११ सप्टेंबरचा अमेरिकेचा चौकशी अहवाल जुलै २००४ मध्ये आला होता. म्हणजे मी भाषण ठोकलं त्याच्या दोन वर्षं आधी. तो वाचायची तसदी मी घेतली नव्हती. त्यात आहे ते असं. मोहम्मद अट्टा आणि मारवान अल शेही २००० च्या जुलैत फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी विमान शिकायला लागले. डिसेंबरात दोघांना व्यावसायिक परवाना मिळाला. त्यानंतर मोठ्या जेटच्या नकली कॉकपिटमध्ये, म्हणजे सिम्युलेटरवर, तासन्‌तास सराव केला. चार महिने नव्हे, जवळपास सहा महिने आणि वर परवाना. मी सभेत चार म्हणालो होतो. कुठून काढले होते देव जाणे. झियाद जर्राह तर जर्मनीत विमानाच्या अभियांत्रिकीचाच विद्यार्थी होता. अट्टानं कैरोत वास्तुशास्त्राची पदवी घेतली होती, आणि हॅम्बुर्गमध्ये नगररचनेचा प्रबंध लिहिला होता, अलेप्पोच्या जुन्या वस्तीवर. जुनं शहर जपावं कसं, या विषयावर! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते चांगले वैमानिक होते का? मुळीच नव्हते. डिसेंबर २००० मध्ये अट्टा आणि शेही यांनी मायामीच्या विमानतळावर बंद पडलेलं छोटं विमान रस्ता अडवून तसंच टाकलं आणि निघून गेले. हानी हंजूर याच्याकडे १९९९ पासून व्यावसायिक परवाना होता, पण ॲरिझोनात शिकवणाऱ्यांना त्याचं काम इतकं कच्चं वाटलं की त्यांनी सरकारी खात्याला कळवलं. ऑगस्ट २००१ मध्ये मेरीलँडच्या एका लहान विमानतळावर त्याला चार आसनी विमान भाड्यानं द्यायला नकार मिळाला; उतरवताना त्याची तारांबळ उडत होती.

माझ्यासारखे लोक इथंच बोट ठेवतात. पाहा, ज्याला सेसना मिळत नाही, तो बोईंग ७५७ कसा नेईल? आणि ते तीनशे तीस अंशांचं वळण? मी ते वळण म्हणजे सर्कशीतली कसरत समजत होतो. हवाई दलातल्या त्या गृहस्थांनी चहाच्या बशीवर चमचा फिरवून मला दाखवलं होतं. पेंटागॉनजवळ पोचला तेव्हा तो सात हजार फुटांच्या आसपास होता. म्हणजे फार वर. निष्णात माणूस आधीपासून उंची कमी करत आला असता. याला ते साधलं नाही, म्हणून मोठी गिरकी घेऊन खाली यावं लागलं. गिरकीला तीनेक मिनिटं गेली. एसटी स्टँडच्या पुढं गेलेला नवखा ड्रायव्हर चौकाला वळसा घालून परत येतो, तसं. शेवटी रस्त्यावरचे दिव्यांचे पाच खांब तोडत तो भिंतीवर गेला. ज्याला मी कौशल्याचा पुरावा म्हणत होतो, तो अडाणीपणाचा पुरावा होता.

आणखीही पुरावे आहेत, ते वाचताना हात थरथरतो. पहिल्या विमानातल्या एका हवाई सेविकेनं जमिनीवर फोन करून सांगितलं होतं, विमान वेडंवाकडं चाललंय. दुसऱ्या विमानातल्या एका तरुणानं वडिलांना फोन केला. विमान हिसके मारतंय, प्रवाशांना ओकाऱ्या होतायत, वैमानिक चालवतोय असं वाटत नाही, असं तो म्हणाला. अट्टाला प्रवाशांशी बोलायचं होतं, पण त्यानं बटण चुकीचं दाबलं. त्याची धमकी प्रवाशांना ऐकू न जाता जमिनीवरच्या नियंत्रकांना ऐकू गेली. जर्राहनंही तेच केलं. त्याच्या विमानातल्या प्रवाशांनी उठाव केला, तेव्हा त्यानं विमान डावीउजवीकडे कलवलं, नाक वरखाली केलं; शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या शेतात ते पडलं, वॉशिंग्टनपासून वीस मिनिटांवर. चालक दल धरून चाळीस माणसं गेली त्यात.

न्यूयॉर्कचे मनोरे दोनशे आठ फूट रुंद होते. रुंद धावपट्टीएवढेच म्हणा. पण आकाशात उभे केलेले आणि स्वच्छ उन्हात कित्येक मैलांवरून दिसणारे. तिथं वेग नेमका लागत नव्हता, चाकं लागत नव्हती, वारा बघायचा नव्हता. तरीही दुसरं विमान शेवटच्या क्षणी कलतं होऊन कोपऱ्याच्या बाजूला गेलं. थोडक्यात हुकलं असतं. हुकलं असतं तर, हा विचार मी पुष्कळदा केलाय.

आता खरा प्रश्न. मी ते का बोललो होतो?

२००१ नंतरची वर्षं आठवा. माझं नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकायची. कधी थट्टेत, ‘‘काय कविराज, विमान-बिमान शिकताय की काय?’’ थट्टा करणारा मित्रच असायचा. मी हसायचो. घरी येऊन हसू पुसायला वेळ लागायचा. अशा वेळी कुणीतरी पुस्तिका हातात ठेवतं, कुणी सीडी देतं, आणि त्यात लिहिलेलं असतं की ते एकोणीस जण हे करूच शकत नव्हते. तहानेला पाणी मिळावं तसं वाटलं. ते खरं आहे का, हे मी विचारलंच नाही. मला ते खरं असायला हवं होतं. ऑक्टोबर २००४ मध्ये खुद्द बिन लादेननं पडद्यावर येऊन जबाबदारी घेतली होती. तीही मी कानाआड केली.

आणि त्या युक्तिवादात काय दडलेलं होतं, तेही नंतर लक्षात आलं. ‘यांना जमणार नाही’ असं मी म्हणत होतो. यांना म्हणजे कुणाला? शिकलेल्या, प्रबंध लिहिणाऱ्या, इंजिनिअर होऊ घातलेल्या मुसलमान पोरांना. आपल्या लोकांची बाजू घेतो म्हणता म्हणता मी त्यांना अडाणी ठरवत होतो, आणि वर टाळ्या घेत होतो. त्यांना जमलं असतं. जमलंच. त्यांनी ते करायला नको होतं, हा मुद्दा होता, आणि तो मी त्या सभेत मांडलाच नाही. जवळपास तीन हजार माणसं मेली होती, त्यांत कितीतरी मुसलमानही होते, आणि मी वळणाच्या अंशांवर बोलत होतो.

कौशल्यावरून माणसाचा निवाडा होत नाही, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी स्वारगेटहून एक एसटी बस पळवली गेली. पळवणारा एसटीचाच ड्रायव्हर होता, शिकलेला, सवयीचा. नऊ माणसं चिरडली गेली. अब्बा तेव्हा हयात होते. बातम्या बघून ते म्हणाले, ‘‘त्याला चालवता येत होतं रे.’’ एवढंच. मग टीव्ही बंद केला.

२००१ नंतर कॉकपिटची दारं मजबूत झाली. अमेरिकेनं एप्रिल २००३ पर्यंत ती बदलायला लावली, बाकी जगानंही बदलली. त्याआधी अपहरणकर्त्याचं ऐका, वेळ काढा, असंच चालक दलाला शिकवलं जात असे. आपल्या आयसी-८१४ च्या कॅप्टन देवी शरण यांनी डिसेंबर १९९९ मध्ये तेच केलं. अमृतसर, लाहोर, दुबई, कंदाहार. लाहोरला धावपट्टीचे दिवे मालवलेले होते, तेव्हा ते एका रस्त्याला धावपट्टी समजून उतरायला निघाले होते आणि शेवटच्या घटकेला त्यांनी विमान वर खेचलं. ती भिस्त संपली. पण दाराचंही असं आहे, की ते दोन्ही बाजूंनी बंद होतं. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं आतून कडी लावली, कॅप्टन बाहेर दार ठोठावत राहिले आणि दीडशे माणसं आल्प्सच्या डोंगरावर गेली.

माझा भाचा वैमानिक आहे. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर शिकला. दोनशे तासांचं उड्डाण झाल्याशिवाय आपल्याकडे व्यावसायिक परवाना मिळत नाही. त्यानं पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा माझी बहीण घाबरली होती. म्हणाली, ‘‘दुसरं काही नाही का रे शिकायला? आपल्या नावाच्या पोरानं विमान?’’ तिची समजूत मी घातली. कर्ज काढताना जामीनही राहिलो. एकट्यानं पहिलं उड्डाण केलं त्या दिवशी त्याचा फोन आला. मी विचारलं, ‘‘वर गेल्यावर भीती वाटली?’’

‘‘वर नाही वाटत, मामू,’’ तो म्हणाला. ‘‘खाली धावपट्टी दिसायला लागली की वाटते.’’

त्याला मी एकदा माझ्या त्या भाषणाबद्दल सांगितलं. तो हसला नाही. सिएटलची गोष्ट त्यानंच मला सांगितली. १० ऑगस्ट २०१८ रोजी विमानतळावर सामान चढवणारा एक तरुण शहात्तर आसनांचं रिकामं विमान घेऊन एकटाच उडाला. परवाना नाही, शिक्षण नाही. व्हिडिओ गेम खेळलोय म्हणाला. तासाभराहून जास्त वेळ उडत राहिला, हवेत एक कोलांटीही घेतली. नियंत्रक त्याला गोड बोलून उतरवायला बघत होते. उतरायचं आपल्या मनातच नव्हतं, असं त्यानं त्यांना सांगितलं. शेवटी एका लहान बेटावर विमान कोसळलं. तो एकटाच गेला. भाचा म्हणाला, ‘‘आमच्यात यावर पुष्कळ बोलणं झालं, मामू. त्याला एवढं कसं जमलं, याचं आमच्यापैकी कुणालाच नवल वाटलं नाही.’’

हवाई दलातले ते गृहस्थ आता नाहीत. त्यांना पत्र लिहायचं राहून गेलं. व्याख्यानमालेच्या संयोजकांना मात्र मी लिहिलं होतं, की त्या भाषणातला शेवटचा भाग चुकीचा होता, स्मरणिकेत छापू नये. स्मरणिका आधीच छापून झाली होती. आणि भाषणाचा तेवढाच तुकडा कुणीतरी ध्वनिमुद्रित केला होता. परवाच, इतक्या वर्षांनी, तो एका ओळखीच्या मुलाच्या मोबाइलवर ऐकला. आवाज माझाच, टाळ्याही त्याच. तो मुलगा कौतुकानं म्हणाला, ‘‘चाचा, काय बोललाय तुम्ही!’’

तुमच्यापैकी कुणाकडे तो आला असेल, तर कृपा करून पुढं पाठवू नका.